मधल्या वाफ्यातला घेवडा

माणूस गाव सोडतो, पण गावची माती त्याला सोडत नाही, असे म्हणतात. माझ्या चपलांची माती मी कोरेगावच्या एसटी स्टँडवर, सांगलीच्या गाडीची वाट बघत, काडीने खरवडून काढली. पाच मिनिटे लागली.

निरोप मात्र मी विलायतेला निघाल्यासारखा झाला होता. हार, नारळ, सरपंचांचे भाषण. गावाचे नाव उज्ज्वल कर, असे ते म्हणाले. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तके जागेवर लावायला चाललो होतो. नाव कुठल्या कपाटात उज्ज्वल करायचे ते त्यांनी सांगितले नाही. वडील, म्हणजे आबा, या समारंभाला नव्हते. ते विहिरीखालच्या रानात पाठमोरे उभे होते.

भांडण घेवड्यावरून झाले होते. माघात वाटाण्याची शेवटची तोडणी झाली की आमच्याकडे वेल उपटत नाहीत. विळ्याने जमिनीलगत कापतात, मुळ्या आत तशाच ठेवतात आणि त्या मेलेल्या मुळ्यांच्या मधे घेवडा टोकतात, म्हणजे एकेक बी बोटाने मातीत खोचतात. कुजणाऱ्या मुळ्या नव्या पिकाला पोसतात, हे मी पुढे पुस्तकातही वाचले. पुस्तकात नसलेला भाग असा, की ज्या हाताने वाटाणा टोकला त्याच हाताने घेवडा टोकायचा. मुळ्या हात ओळखतात. मधेच हात बदलला, तर पहिल्या हाताच्या माणसाचे बरे होत नाही. तीन वाफ्यांतला मधला वाफा माझ्या हातचा होता.

"वाफसा आला न्हाई अजून, रान वलं हाय," आबा म्हणाले होते. "चार दिस थांब. घेवडा टोक, मग जा कुटं जायचं ते."

"सोमवारी हजर व्हायचंय, आबा."

"मग जा. तुजा वाफा मोकळाच ऱ्हाईल. आन् मी काय सांगलीत पाय ठेवनार न्हाई."

आबा सतरा वर्षे पलटणीत होते. त्यांचे बोलणे ही ऑर्डर असे, आणि ती मागे घेण्याची सोय त्यांना कुणी शिकवली नव्हती.

सांगलीत माझी खोली हळदीच्या वखारींजवळ होती. धुतलेला शर्टही पिवळट दिसे. आठवड्याभरात मी 'पुस्तक नेले' म्हणायचे सोडून 'इश्यू झाले' म्हणू लागलो, आणि उशिरा आलेल्या माणसाला 'ओव्हरड्यू'. संध्याकाळी घाटावर बसे. आमच्याकडचे ओढे ज्या कृष्णेला मिळतात, तीच ही. मला तिच्यात ओळखीचे काही दिसले नाही.

फाल्गुनात आबांचे पोस्टकार्ड आले, गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरात. 'तुझा वाफा उगवला आहे. तरी कळवणे.' एवढेच. मोकळा ठेवलेला वाफा उगवतो कसा? मला तो टोमणा वाटला आणि मी उत्तर दिले नाही. मग दुसरे आले. 'तू कसा आहेस, ते लगेच कळवणे.' हाही मला टोमणाच वाटला. मी तेही पुस्तकात खूण म्हणून घातले. तिकडे माझ्या न आलेल्या उत्तराचा काय अर्थ लावला जात असेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

चैत्रातल्या एका भर दुपारी लायब्ररीच्या काउंटरपुढे आबा उभे राहिले. डोक्यावर टोपी, काखेत भरलेली पिशवी. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. काउंटरवरून वाकून खाली बघत होते.

"चप्पल काढ."

"आवं आबा, इथं..."

"काढ म्हनतो न्हवं!"

'शांतता राखा'च्या पाटीखाली मी चपला काढल्या. आबांनी माझी पावले निरखली. बोटे पुढे, टाचा मागे. मग त्यांनी माझा डावा हात धरला, दाबला, आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांचा हात गार होता.

"हाईस," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग एकेक बाहेर आले. कडेचे दोन वाफे त्यांनी आणि आईने टोकले. मधला सोडला. आठव्या दिवशी सकाळी तिन्ही वाफे उगवलेले. मधल्यात सहा ओळी. पाणी दिलेल्या चिखलात पाऊल नाही कुणाचे. "आन् इहिरीच्या टोकाला वळी डावीकडं वळल्यात. तुज्यागत." मी डावखुरा. घरात वाकडी ओळ फक्त माझी पडे.

"दोन कार्डं टाकली. जबाब न्हाई. म्हटलं, हात घरी येऊन काम करून गेला. आता मानूस काय ऱ्हायला नसनार."

पिशवीत त्या वाफ्याच्या शेंगा होत्या. घरात त्यांना कुणी शिवेना.

दोन दिवस राहून आबा परत गेले. त्यानंतर ते दरवर्षी येत. हे असे का उगवले, यावर मी उंदीर, पाखरे, गेल्या सालचे सांडलेले बी, असे बरेच तर्क केले. यातले कुणीही ओळीत पेरत नाही.

आबा वारल्यानंतरच्या वर्षी आई ओसरीवर शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या सालचा तुजा वाफा मीच टोकला हुता. फळी टाकून, तिच्यावर बसून. भ्या घातल्याबिगर त्यो मानूस सांगलीला गेला नसता."

"आणि डावीकडची वळणं?"

"तुजी वळ कशी जाती ते मला ठावं न्हाई व्हय रं? डाव्या हातानंच टोकला."

मी हसलो. ती हसली नाही.

"पर मी चारच वळी टोकल्या. बी तेवढंच हुतं. उगवल्यावर वळी मी सोता मोजल्या. सहा हुत्या."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर म्हणजे काय असे आता मला कुणी विचारले, तर एवढेच सांगता येईल: आपण नसताना आपल्या हातची कामे जिथे होत राहतात, ती जागा. सगळी कुणी केली, हे तिथेही कुणाला सांगता येत नाही.

पिशवीतला तो घेवडा आबांनी आणि मी, ते लायब्ररीत आले त्याच दुपारी, माझ्या खोलीत स्टोव्हवर शिजवून खाल्ला होता. सहाही ओळींची चव एकच होती. मीठ कमी पडले होते.