फोटोवाल्यांचा रोखलेला श्वास

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिना उतरून डाव्या हाताला, एक्स-रेची खोली. तिथल्या माणसाला सगळे फोटोवाले म्हणत. खरं नाव होतं त्यांना, पण ते हजेरीपुस्तकापुरतं. तेवीस वर्षं एकच काम. पेशंटची छाती पाटीला टेकवायची, हनुवटी वर, खांदे पुढे, मग स्वतः काचेच्या आडोशाला जाऊन ओरडायचं, "श्वास घ्या... रोखून धरा!" बटण दाबायचं आणि "सोडा" म्हणायचं. हे शेवटचं ते हमखास विसरत. त्यांचं लक्ष पडद्यावरच्या बरगड्यांत, आणि इकडे पेशंट बिचारा लालबुंद! एका आजोबांनी तर ओठ न उघडता हातवारे करून विचारलं होतं, मी आता जगू की नको?

अशा या माणसाला नाद होता जादूचा. पत्ते, रुमाल, दोऱ्या, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. घरात गडी एकदम वाघ. बायकोच्या बशीखालून पत्ता काढतील, तिच्या पदरातून चेंडू काढतील. ती बिचारी तीच जादू शंभराव्यांदा बघून "अगंबाई!" म्हणायची. नवऱ्यासाठी एवढं करावं लागतं.

पण चार माणसांसमोर उभं केलं, की वाघाची शेळी. तीन वर्षांपूर्वी इस्पितळाच्या स्नेहसंमेलनात हात असे लटलटले, की पत्ते पार पहिल्या रांगेपर्यंत उधळले, आणि बाहीत लपवलेला रुमाल नको तेव्हा खाली आला. वॉर्डबॉय भला माणूस. त्याने तो उचलून, झटकून परत दिला. "तुमचा रुमाल पडला, काका." झालं! हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटोवाले खाली आपल्या खोलीत येऊन दिवा न लावता बसून राहिले. पेटी कपाटावर गेली ती गेलीच.

आणि आता मेट्रनबाई निवृत्त होत होत्या. एके दिवशी स्वतःच जिना उतरून आल्या.

"माझ्या निरोपाला भाषणं नकोत. तुझी जादू हवी."

"बाई, तुम्ही मागच्या वेळी ड्यूटीवर होतात, म्हणून असं म्हणताय."

"ऐकलंय मी सगळं. रुमालासकट."

"मग?"

"मग काय? नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघाताचा पेशंट बघून तू चक्कर येऊन पडला होतास. मी काय म्हटलं होतं?"

फोटोवाल्यांना नीट आठवत होतं. तोंडावर पाणी मारून बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "उद्या ये." त्या शब्दावर तेवीस वर्षं निघाली होती. आता नाही कसं म्हणणार?

घरी येऊन त्यांनी पेटी खाली काढली आणि बायकोला बजावलं, "या वेळी फसलं, तर ही पेटी कुणाला तरी देऊन टाकणार. पुन्हा नाव काढणार नाही."

"द्या खुशाल," ती म्हणाली. "पण धूळ पुसून द्या."

जादू ठरली साधी. एक लांब बँडेज, मधोमध कात्रीने कापायचं, मुठीत धरायचं आणि अखंड काढून दाखवायचं. दोन आठवडे घरभर बँडेजचे तुकडे.

तो दिवस उजाडला. वरच्या जेवणाच्या खोलीत टेबलं हटवून खुर्च्या मांडलेल्या. सगळे आले होते. फोटोवाले पुढे आले, आणि ऐंशी डोकी त्यांच्याकडे वळली. खाली ते जगाची हाडं बघत, त्यांना कुणी बघत नसे. इथे सगळं उलटं झालेलं. कात्री हातात लटलटू लागली. वॉर्डबॉय खुर्चीत पुढे सरकला, मदतीला तयार. आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून बाहेर पडलं ते रोजचंच.

"श्वास घ्या... रोखून धरा!"

आणि काय सांगावं, सगळ्यांनी धरला! अर्धी खोली कधी ना कधी त्यांच्या पाटीसमोर उभी राहिलेली, उरलेली त्यांचं बघून. ना खोकला, ना खुसखुस. तळमजल्यावर असायची तीच शांतता. फोटोवाल्यांचे हात हळूहळू त्यांचे त्यांना परत मिळाले. बँडेज कापलं. दोन्ही टोकं दाखवली. मूठ आवळली, फुंकर मारली, ओढलं. अखंड! इकडून तिकडे, सलग!

टाळी नाही.

फोटोवाल्यांनी बँडेज पुन्हा ओढून पाहिलं. फसलं? बँडेज तर धड होतं. समोर बघतात, तर सर्जनसाहेबांचा टोमॅटो झालेला, वॉर्डबॉयचे डोळे बाहेर यायच्या बेतात.

"अरे मेल्या," मेट्रनबाईंचा बांध फुटला, "सोडा म्हण की!"

"सोडा!" फोटोवाले ओरडले.

ऐंशी छात्या एकदम रिकाम्या झाल्या, आणि मग जो हशा आणि टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! लोक पुन्हा त्यांनाच हसत होते, पण या वेळी तेही पोट धरून हसत होते. बायको तिसऱ्या रांगेत उभी राहून "अगंबाई!" म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

गर्दी ओसरल्यावर मेट्रनबाईंनी ते बँडेज मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. डोळे भरून आले होते त्यांचे. "चला, संपलं माझं इथलं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून सकाळी उठून करायचं काय, तेच कळत नाही."

फोटोवाल्यांनी पेटीची कडी लावली.

"उद्या या, बाई," ते म्हणाले. "घरी. पत्त्यांची एक जादू बसवायची आहे, आणि आमच्या हिला आता सगळ्या पाठ झाल्यात."