मॅडम आता पूर्ण गोष्ट सांगतात

मीना पुस्तक मांडीवर उघडून बसते, पण पान काही उलटत नाही. हे तिच्या आईच्या, साधनाताईंच्या ध्यानात दिवाळीच्या सुट्टीतच आलं होतं. तेव्हापासून कणीक मळताना, दळण आणताना, देवापुढे हात जोडतानाही तो घोर मनातून हटत नव्हता. मीनाचे वडीलही शेवटी असेच बसायचे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणत राहिले आणि काचबिंदूने नजर नेली ती नेलीच.

वडील नोकरीला होते त्या बियाण्यांच्या कंपनीतली माहितीपत्रकं वाचत मीना लहानाची मोठी झाली. जालन्यातल्या मस्तगड भागातल्या दोन खोल्यांत खेळणी कमी आणि पत्रकं ढीगभर. शेत कधी न पाहिलेली पोर कपाशीच्या दोन ओळींतलं अंतर घडाघडा सांगायची. पुढे ग्रंथालयशास्त्र शिकून ती बदनापूरच्या शाळेत ग्रंथपाल झाली. नवं पुस्तक आलं की आधी स्वतः वाचणार, मगच कपाटात लावणार. मोकळ्या तासाला मुलांना गोष्ट सांगायची आणि ती ऐन रंगात आली की थांबायची. "पुढचं पुस्तकात आहे. न्या आणि वाचा." मुलं कुरकुरायची आणि रांग लावायची. घरी लग्नाचा विषय निघाला की ती हातातलं पुस्तक दाखवायची, "आई, एवढं संपू दे." ते कधी संपलंच नाही.

परवा शाळेचे शिपाई अंगदमामा कामाने जालन्याला आले, ते चहाला घरी डोकावले.

"ताई, मॅडम आता गोष्ट पार शेवटापर्यंत सांगून राह्यल्या," बशीत चहा ओतत ते म्हणाले. "त्याच त्याच जुन्या गोष्टी. पोरायला मजा, पुस्तक न्यायची गरजच न्हाई. नव्या पुस्तकांचं पार्सल मी ठेवलं तिथंच हाये. म्हणलं, मॅडम, उंदरानं वाचायच्या आधी खोला."

"मग?"

"हसल्या नुसत्या. मंग तपासणी आल्ती. सायबाला बरं दिसावं म्हणून सरलोकांनी सगळी पुस्तकं उंचीप्रमाणं लावून टाकली. एकदम बराबर, एका रेषेत. मॅडम न बघता हात घालून पुस्तक काढायच्या ना? आता हात भलत्यावरच पडतो. एका पोरीला दुसरंच काढून दिलं. पोरी हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मॅडमचं कपाटाला कुलूप."

मामा गेले तरी साधनाताई रिकामी कपबशी हातात धरून तिथंच बसून राहिल्या.

संध्याकाळी मीना घरी आली, चौकटीला हात लावत आत शिरली. आईचा चेहरा पाहून तिने काही लपवलं नाही.

"मधलं दिसतं, आई. कडेचं गेलंय. ओळ संपली की पुढची ओळ सापडत नाही."

"उद्याच दवाखान्यात जाऊ."

"वार्षिक परीक्षा होऊ दे. आत्ता रजा मिळणार नाही. आणि शाळेत कुणाला बोलू नकोस. आंधळी ग्रंथपाल कुणाला पाहिजे?"

"तुझे बाबाही असंच म्हणायचे. पेरणीचा हंगाम होऊ दे."

"तुला माझी शपथ आहे," एवढंच बोलून मीना आत गेली. दिवा तिने लावलाच नाही.

सकाळी ती गाडीला निघून गेल्यावर साधनाताईंनी भाजी निवडायला घेतली आणि तशीच बाजूला सारली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते, असं मीनाच्या बाबांच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा राखण्याजोगं काही उरलं नव्हतं. मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी आजवर कुणाची आजारपणाची रजा अडवल्याचं ऐकिवात नव्हतं. मीनाने रजा मागितलीच नसणार.

ती रागावेल. कितीतरी दिवस बोलणार नाही. शाळा पुढे तिला काय काम देईल, देईल की नाही, तेही सांगता येत नाही. साधनाताईंनी पदराला हात पुसले, फोन घेतला आणि अण्णासाहेबांचा नंबर शोधू लागल्या.