सिद्धेश्वरचा रस्ता आणि नवऱ्याचा उजेड

आमच्या सुनीलला लडाखला जायचंय. लग्न झाल्यापासून जायचंय. तयारी म्हणून त्यानं मोटरसायकलला दोन एलईडी फॉगलाइट बसवून घेतले आणि त्यांची परीक्षा घ्यायला आम्ही हिंगोलीहून निघालो ते थेट... सिद्धेश्वरच्या धरणाला! पेट्रोल दोनशेचं, थाट हिमालयाचा.

असे दिवे कमी-जास्त करायला डिमर असतो. तो चालवणाऱ्याच्या अंगठ्याजवळ असावा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमच्या हँडलवर मोबाइल, कॅमेरा, चार्जर आणि होकायंत्र. हो, होकायंत्र! औंढ्याची वाट चुकू नये म्हणून. गॅरेजवाले चाचा वैतागून म्हणाले, "भाई, जगह ही नहीं है. बटन भाभी के पास देता हूँ." आणि खरंच दिलं, माझ्या सीटखाली डाव्या बाजूला. समोरून गाडी आली की सुनील ओरडणार, "मंद कर!" आणि मी वाकून फिरवायचं. सप्तपदीच्या वेळी हे कुणी बोललं नव्हतं.

जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, उन्हात पाठ भाजते. औंढ्यात नागनाथाचं दर्शन आणि चहा उरकून घ्या, पुढे धरणाकडचा रस्ता अरुंद आहे. धरणाजवळ आम्हाला ताजे मासे तळून मिळाले, सोबत ज्वारीची भाकर आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. पूर्णेचं पाणी लांबवर पसरलेलं बघून मला फार बरं वाटलं. सुनीलनं पाण्याकडे पाठ करून दिव्यांचे फोटो काढले, भर दुपारी पेटवून.

परत निघायला त्यानं मुद्दाम दिवस बुडू दिला. दिवे लागले आणि बाई गं, बांधावरची बाभळसुद्धा दचकली असेल! एक टेम्पोवाला शिवी हासडून गेला. "जळतात लोक," सुनील म्हणाला.

कालव्याकडेच्या वळणावर मेंढरं रस्ता ओलांडत होती. एक बाई काठी आडवी धरून उभी होती. मी डिमरकडे हात नेला.

"राहू दे, मला नीट बघू दे!" सुनील ओरडला.

त्याला नीट दिसत होतं. मेंढरं मात्र दिपून जागीच थिजली, मग एक उधळलं आणि त्याच्यामागे सगळी कालव्याच्या काठाकडे लोटली. खाली पाणी वाहत होतं. सुनीलनं करकचून ब्रेक दाबून गाडी थांबवली.

"बत्ती बंद कर, मुडद्या! पान्यात पडून राहिले माझे जनावरं!"

मी नवऱ्याला न विचारता डिमर शेवटपर्यंत फिरवला. अंधुक उजेडात बाईनं जिभेनं टकटक आवाज काढला, तशी मेंढरं हळूहळू मागे सरली. ती एकेकीच्या पाठीवर हात ठेवत गेली आणि थांबली. "काल झालेलं कोकरू न्हाई."

एक मेंढी काठावर ओरडत होती. सुनीलनं घाईनं गाडीवरून उतरून डिमर पूर्ण चढवला, तशी तीही बिथरून पळाली.

"काहून शहाणपणा करून राहिला? वहिनी, तुमीच धरा ते. जरासाच उजेड करा."

मी जरासाच केला. कालव्याच्या उतारावर, पाण्यापासून हातभर वर, गवतात काहीतरी थरथरत होतं. सुनील जाकीट आणि गुडघ्यांची कवचं सांभाळत उतरला, घसरला, चिखलानं माखला, पण कोकरू छातीशी धरून वर आला. खरं सांगते, तेव्हा तो मला फार आवडला.

बाईनं कोकरू आईखाली लावलं. ते दूध ओढायला लागल्यावर तिनं आमच्याकडे पाहिलं.

"एवढाले दिवे काहून लावले, दादा?"

"समोरचं दिसावं म्हणून," सुनील पुटपुटला.

"मी समोरच व्हते की."

ते वाक्य त्याला लागलं. मी दिवसभर इतके टोमणे मारले होते, एकही लागला नव्हता. दिवे लावणार असाल तर लावा, बापहो, पण डिमर स्वतःच्या अंगठ्याशी घ्या. दुसऱ्या दिवशी चाचांचं गॅरेज उघडायच्या आधीच सुनील दारात उभा होता.

"समोर माणूस असतो, चाचा," तो म्हणाला, "बटन माझ्याकडे द्या."