लेस्टरचा अँटेना

केबल कंपनीचं नुसतं नाव काढलं तरी लेस्टर कोवालिकच्या मस्तकात तिडीक जायची. ओहायोतल्या टायर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. बिल दर वर्षी वाढायचं आणि हा बघायचा काय, तर बातम्या आणि रविवारचा फुटबॉल. छपरावर अँटेना लावला की ते फुकट दिसतं, असं कुणीतरी सांगितलं आणि गडी पेटला. अँटेना चढवला आणि केबलचा डबा काखोटीला मारून थेट कंपनीच्या ऑफिसात.

काउंटरवरची पोरगी बिचारी चांगली होती. घरचा फोनही याच जोडणीवर आहे, तोही बंद पडेल, म्हणाली. पडू दे, खिशात मोबाइल आहे, लेस्टर म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं, "त्या फोनवर घरात अलार्म वगैरे चालतो का, मिस्टर कोवालिक?"

"अलार्म चोरासाठी लावतात," लेस्टर म्हणाला. "आमच्या घरात शिरलेला चोर एकच, तुझा मालक. त्याला आज हाकलला."

रांगेतले लोक हसले. त्या हसण्यावर स्वारी कितीतरी दिवस खूश होती.

अलार्म होता ना! बायकोच्या, अर्लीनच्या गळ्यात होता. खुबा मोडल्यापासून ती वॉकर धरून चालायची. पडलीच तर गळ्यातलं बटण दाबायचं, की स्वयंपाकघरातल्या पेटीवरून फोन लागायचा आणि मदत यायची. फोनची लाइन गेली त्या संध्याकाळी, ऐन मॅचमध्ये, ती पेटी कोकलायला लागली. अर्लीन म्हणाली, बघ तरी का ओरडतेय. यानं वायर उपटली, बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाला, कंपनीवाल्यांची पोटदुखी आहे, दुसरं काय.

"पण माझं बटण चालतंय ना?"

"चालतंय गं," तो म्हणाला. नजर टीव्हीवरच होती.

मग काय, साहेब सगळ्या गल्लीचे गुरुजी झाले. शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असायचं, तिथं भेटेल त्याला केबल तोडायचा सल्ला. कुणाच्या छपरावर चढ, कुणाचा अँटेना फिरवून दे. एका रविवारी शेजारच्या क्लाइडचा बसवला. चित्र बघून क्लाइड हरखला, त्यानं बिअर काढली आणि दोघं तिथंच मॅच बघत बसले.

घरचा टीव्ही लेस्टर चालूच ठेवून गेला होता. फुकट तर होता! त्या मॅचच्या आरडाओरड्यात न्हाणीघरात पडलेल्या अर्लीनच्या हाका कुणाला ऐकू जाणार? अंधार पडल्यावर तो परतला, तेव्हा ती गार फरशीवर आडवी होती आणि अंगठा बटणावर तसाच होता.

"मी दाबत होते, लेस्टर."

त्यानं आधी कंपनीला शिव्या घातल्या. मग मोबाइल काढला.

आता अर्लीन वृद्धाश्रमात असते. परत उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. खोलीत टीव्ही आहे, केबल आहे, सगळी चॅनेलं आहेत. महिन्याच्या बिलातच धरलेली. लेस्टर रोज तिच्या आवडीचे डोनट घेऊन जातो, खुर्ची ओढून बसतो आणि मला काय माहीत होतं गं, असं काहीतरी सुरू करतो. त्यानं तोंड उघडलं की अर्लीन रिमोट दाबते. आवाज वाढतो. तो आणखी बोलतो, ती आणखी दाबते.

परवा न राहवून तो आवाज कमी करायला उठला.

"राहू दे," अर्लीन म्हणाली. "हे बटण चालतंय."