मंठ्याची दोन मिनिटं

एकताभाभींचा लॅपटॉप स्वयंपाकघरात, गव्हाच्या कोठीवर असतो. दुपारी दोन ते चार ही त्यांची वेळ. जेवणं उरकलेली, ओटा पुसलेला, सासूबाई आतल्या खोलीत सामायिकाच्या ध्यानाला बसलेल्या. भाभी उभ्यानेच काम करतात. बसलं की कुणीतरी हाक मारतं, असं त्यांचं म्हणणं.

जालन्यात बोरा कुटुंबाच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. नवी होते तेव्हा मला वाटायचं, या बाई साड्या बघत असतील. एकदा साखर मागायला गेले तर पडद्यावर नुसत्या लाल आणि हिरव्या ओळी.

"लाल म्हणजे कुणीतरी काढून टाकलेलं, हिरवं म्हणजे नवं घातलेलं," भाभी म्हणाल्या. "मी वाचते. बराबर असलं तर आत घेते. नसलं तर परत पाठवते."

"आत म्हणजे कुठं?"

"'सांझ'मध्ये."

'सांझ' म्हणजे कुठल्याही गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त सांगणारा एक कोड. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही वाचावा, वापरावा, सुधारणा पाठवावी. सूर्यास्ताआधी जेवण आटोपणाऱ्या हजारो जैन घरांतली ॲप त्याच्यावर चालतात. पण पाठवलेली सुधारणा आपोआप आत जात नाही. कुणीतरी ती ओळ न् ओळ वाचावी लागते, चालवून बघावी लागते, शंका विचारावी लागते. मग ती मूळ कोडात मिसळायची, म्हणजे मर्ज करायची. हे करणारा तो मेंटेनर. इंदूरच्या श्रेयांस नावाच्या माणसाने 'सांझ' सुरू केलं होतं आणि तीन महिन्यांपूर्वी नोकरीच्या व्यापात त्याने ही जबाबदारी भाभींच्या हाती दिली होती.

भाभींचं माहेर मंठा. लग्नाआधी त्यांनी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी आईच्या फोनवर 'सांझ'वर चालणारं एक ॲप टाकून दिलं, तर गावांच्या यादीत मंठा नव्हतं. त्यांनी मंठ्याचे अक्षांश-रेखांश शोधले, एक ओळ लिहिली आणि श्रेयांसला पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं, "मर्ज केलं. स्वागत." ती त्यांची पहिली ओळ. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्यांनी इतरांच्या शेकडो ओळी वाचल्या.

घरात याचं कुणाला विशेष नव्हतं. मंजूबाई, म्हणजे सासूबाई, येता-जाता टोला मारायच्या. घरात मारवाडी बोलणं, पण मी असले की सगळ्यांची गाडी मराठीवर यायची. सुनेला 'बींदणी' म्हणणं तेवढं मारवाडीच राहायचं.

"बींदणी, सूर्य काय तुला विचारून बुडतो का गं?"

"न्हाई मम्मीजी. पण लोक मला विचारून जेवतात."

मंजूबाई हसू दाबत निघून जायच्या.

चैत्राचा पहिला आठवडा सरला आणि पुण्याच्या मिथुनची सुधारणा आली. तो एका मोठ्या ॲपसाठी काम करत होता. तीन हजार ओळी. भाभींनी तीन दुपारी वाचून काढल्या. "काय सुंदर लिहितो हा मुलगा," त्या मला म्हणाल्या, एखादी चांगली कथा वाचावी तसा चेहरा करून. जुना कोड साध्या फोनवर अडखळायचा, म्हातारी माणसं वाट बघत बसायची. मिथुनच्या कोडाने वर्षभराच्या वेळा क्षणात उघडत होत्या. चाळीस जणांनी खाली पसंतीचा अंगठा दिला होता.

चौथ्या दुपारी भाभींनी मला पडद्याजवळ बोलावलं.

लाल ओळींच्या लांबलचक पट्ट्यात मंठा होतं. त्याच्या वर परतूर, खाली घनसावंगी, जाफराबाद. मिथुनने गावंच काढून टाकली होती. प्रत्येक जिल्ह्याला एकच वेळ, जिल्ह्याच्या ठिकाणाची. वेग तिथून आला होता. आणि कोड बरोबर चालतो की नाही हे तपासणाऱ्या चाचण्यांमध्ये आधी एका मिनिटाची चूक चालायची, तिथे त्याने हळूच पाच मिनिटं केली होती. म्हणून सगळ्या चाचण्या पास दिसत होत्या.

"मंठा जालन्याच्या पूर्वेला आहे," भाभी म्हणाल्या. "तिथं दोन मिनिटं आधी सूर्य बुडतो. या कोडानं मंठ्यातला माणूस सूर्य बुडाल्यावर दोन मिनिटं खात बसेल."

मंठ्यातला माणूस म्हणजे कोण, ते मला माहीत होतं. भाभींच्या आई, केशरबाई, यांचं वर्षीतप चालू होतं. तेरा महिने, एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी दोनच वेळा जेवण, आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. अक्षय तृतीयेला पारणं. तीन आठवडे उरले होते. आणि केशरबाई वेळ बघायच्या ती मिथुन ज्याच्यासाठी काम करत होता त्याच ॲपवर.

भाभींनी लिहिलं, की काम उत्तम आहे, पण गावांच्या वेळा परत आणल्याशिवाय मर्ज करता येणार नाही.

मिथुनचं उत्तर तासाभरात आलं. दोन मिनिटं उघड्या डोळ्यांना कळतही नाहीत. धुळीत, ढगात सूर्य कधी गेला हे कोण सांगू शकतं? शेवटी लिहिलं होतं, "काढलेल्या गावांत तुमची स्वतःची ओळ आहे हे मी पाहिलं. समजू शकतो." आणि त्याखाली, सोमवारपर्यंत मर्ज झालं नाही तर आम्ही आमची वेगळी प्रत काढू आणि ॲप त्याच्यावर नेऊ.

श्रेयांसने फोन करून सांगितलं, "निर्णय तुझा, एकता. पण ते वेगळे झाले तर 'सांझ'कडे कुणी राहणार नाही."

नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. वेगळी प्रत निघाली तरी केशरबाईंच्या फोनवर तीच चुकीची वेळ येणार होती. मिथुनला पटवावं लागणार होतं.

त्या संध्याकाळी चहा पिताना मंजूबाईंनी विचारलं, "तोंड का उतरलं गं?"

भाभींनी सांगितलं. मंजूबाईंनी कप खाली ठेवला.

"कळत न्हाई म्हणतो? डोळ्याला?"

"हो."

"मंग दाखव ना त्याला. ब्याणजीला चढव तिकडं गच्चीवर, मी चढते इकडं."

ब्याणजी म्हणजे विहीण. दुसऱ्या दिवशी शनिवार. मंजूबाई घराच्या गच्चीवर, केशरबाई मंठ्यात त्यांच्या गच्चीवर, मध्ये फोन. व्हिडिओ काढायला इकडे मी, तिकडे शेजारचा एक मुलगा. सूर्य उतरू लागला आणि दोन्हीकडून एकदमच आवाज आला, "बुडला!"

भाभींचा चेहरा पडला. एवढ्यात भाभींचे यजमान जिनेंद्रभाई वर आले आणि पोट धरून हसायला लागले.

"मम्मी, बुडला न्हाई तो. शेजाऱ्यांच्या टाकीमागं गेला!"

"तू हसत बस. तुला सूर्य दिसतो का कधी, दुकानात बसून?"

"दिसतो की. गोदामाच्या गच्चीवरून. तिथं पश्चिमेला निस्ते वावर आहेत."

गोदाम त्यांच्या बियाण्याच्या धंद्याचं, गावाबाहेर. रविवारी आम्ही सगळे तिथे गेलो. वर जायला लोखंडी शिडी. मंजूबाईंचे गुडघे वर्षभर दुखतात, त्या दिवशी दुखले नाहीत. मी रिकाम्या क्रेटवर फोन टेकवला. समोर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली जमीन, थेट आभाळापर्यंत.

"ब्याणजी, दिसतोय का?" मंजूबाई भाभींनी धरलेल्या फोनवर ओरडल्या.

"अर्धा राह्यला," केशरबाई म्हणाल्या. मग, "पाव." मग, "टिकलीएवढा." आणि मग, सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, "गेला! बुडला गं एकता, बिलकुल न्हाई उरला."

आम्ही समोर बघत होतो. आमचा सूर्य नुकताच जमिनीला टेकला होता. अख्खा. गोल, तांबडा, एक कडाही न झिजलेला.

मग मंजूबाईंनी दोन्ही हात वर केले आणि अशा ओरडल्या की खाली रखवालदार बाहेर आला. "अख्खा आहे! ब्याणजी, आमचा अख्खा आहे! या पुण्याच्या पोराला म्हणावं ये, बघ!"

तो बुडायला बरोबर दोन मिनिटं लागली. भाभी घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्या सूर्याकडेच बघत होत्या, आणि माहेरचा फोन त्यांनी कानाशी तसाच धरून ठेवला होता.

सोमवारी दुपारी कोठीवरून दोन्ही व्हिडिओ गेले, शेजारी शेजारी, एकाच क्षणाचे. डावीकडे मंठ्याचं रिकामं क्षितिज, उजवीकडे जालन्याचा पूर्ण सूर्य. भाभींनी खाली भांडण लिहिलं नाही, उपाय लिहिला. जिल्ह्याच्या वेळांचा तक्ता तुझाच राहू दे. गावाच्या नावापुढे फक्त एक आकडा ठेव, जिल्ह्याच्या ठिकाणाहून किती पुढे किंवा मागे. एक वजाबाकी. वेग जाणार नाही. शंका असेल तिथे सूर्यास्ताचं आधीचं मिनिट धर. आणि चाचण्यांची मर्यादा परत एक मिनिट कर.

तीनपर्यंत उत्तर नव्हतं. साडेतीनला आलं.

"माझी चूक. मी अकराव्या मजल्यावर राहतो आणि समोर बारावा मजला आहे. सूर्य बुडताना मी कित्येक वर्षांत बघितलेला नाही. आजच करून देतो. आणि ते ओळीबद्दलचं बोललो, त्याबद्दल माफ करा."

पाच वाजता नवा कोड आला. भाभींनी तीन ठिकाणी शंका काढल्या, त्याने तिन्ही सुधारल्या. हिरव्या ओळींमध्ये मंठा परत आलं होतं, पुढे आकडा: उणे दोन.

"मम्मीजी, इकडं या," भाभींनी हाक मारली. "हे बटण दाबा."

"मी? काही बिघडलं तर?"

"मी वाचलंय सगळं."

मंजूबाईंनी पदराला बोट पुसलं आणि मर्जचं बटण दाबलं. पडद्यावर मर्ज झाल्याची जांभळी खूण उमटली. चाळीस अंगठ्यांचे त्या रात्रीत दोनशे झाले. श्रेयांसने फक्त एवढं लिहिलं, "योग्य हातात दिलं होतं."

अक्षय तृतीयेला आम्ही मंठ्याला गेलो. उसाच्या रसाचा पहिला पेला केशरबाईंनी लेकीच्या हातून घेतला. तेरा महिन्यांत एकही वेळ चुकली नाही, हे सांगताना त्यांचा आवाज कापला नाही, उलट चढला. पाहुण्यांत मंजूबाई अनोळखी बायकांनाही सांगत होत्या, "माझी सून आहे ती. साऱ्या देशाचा सूर्यास्त तिच्याकडनं तपासून जातो."

संध्याकाळी पंगत उशिरा बसली. मंजूबाईंनी फोन बघितला आणि निवांतपणे आणखी एक पुरी घेतली. "दोन मिनिटं आहेत अजून."

केशरबाईंनी त्यांच्या हातातला फोन ओढून घेतला.

"ब्याणजी, हे जालन्याचं लावलंय तुम्ही. इथं मंठ्याचं चालतं. जल्दी करा!"