पाय लागला तरी

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाला ज्युदो कशाला हवा, असं मला घरच्यांनी विचारून झालंय, तेव्हा तुम्ही विचारू नका. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मागे हॉलमध्ये वर्ग सुरू झाला आणि योगाच्या वर्गात मला झोप यायची, एवढंच कारण. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेत मात्र मी एकदा आपटले होते. पुन्हा आपटले असते तर कोच मला शाळकरी मुलांच्या बॅचमध्ये बसवणार होते. त्या बॅचमध्ये आमच्या साहेबांची नात होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी अख्ख्या ऑफिसला कळलं असतं.

घोडं अडलं होतं एका साध्या पकडीपाशी. जोडीदाराला उताणं पाडायचं, तिच्या छातीवर आडवं पडायचं, एक हात मानेखालून आणि दुसरा मांडीखालून घालून घट्ट धरायचं, आणि कोच वीसपर्यंत मोजतात तोवर सोडायचं नाही. माझ्या जोडीदार होत्या कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदारांच्या पत्नी, मूळच्या सांगलीकडच्या. वयानं माझ्याहून मोठ्या, अंगानंही. मी त्यांना ताई म्हणायचे.

पकड मला यायची. घोटाळा व्हायचा गुडघ्यापाशी. तो खालच्या माणसाच्या बरगडीला टेकवावाच लागतो, नाहीतर फट राहते आणि माणूस निसटतो. पण मोठ्यांना पाय लागला की लगेच नमस्कार करायचा, हे माझ्या अंगात मुरलेलं. गुडघा टेकला रे टेकला की माझा एक हात आपोआप सुटायचा आणि ताईंच्या खांद्याला लागून माझ्या कपाळाला जायचा. तेवढ्यात ताई कंबर उचलून, कुशीवर वळून मोकळ्या! उठून बसत म्हणायच्या, "सुखी राहा गं." कोच वैतागायचे. "मॅडम, ये मॅट है, मंदिर नहीं!"

परीक्षेच्या दिवशी मी ताईंना आडवं केलं, हात घातले, गुडघा टेकवला. हात चुळबुळला. मी मूठ आणखी आवळली. कोच मोजत होते. निम्म्याहून जास्त आकडे झाले असतील, तेवढ्यात खालून हळूच आवाज आला, "अगं, पाय लागला ना मला!"

लबाड बाई! मी कुठे ढिली पडते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"लागू दे!" मी ओरडले.

मोठ्या माणसाशी असं मी जन्मात बोलले नव्हते. ताईंना हसू फुटलं, त्यांचं पोट माझ्याखाली गदगदा हलायला लागलं, आणि मी दातओठ खात चिकटून राहिले.

"बीस! छोडिए मॅडम, हो गया, पास!"

मला ऐकू आलं होतं. पण इतकं छान वाटत होतं, की आणखी थोडा वेळ मी सोडलंच नाही.