पाळी अनियमित आहे का?

मी एका आरोग्य सर्वेक्षणात काम करते. परळच्या ऑफिसात बसून मोबाईलवर जाहिराती सोडायच्या. जाहिरातीवर बोट लावलं की लोकांसमोर फॉर्म उघडतो, मग आम्ही फोन करून प्रश्न विचारतो. यंदा चाळिशीपुढच्या बायका हव्या होत्या. लालबाग-परळमधून शुक्रवारपर्यंत पुरेशा आल्या नाहीत तर हा भाग वगळायचा, असं मॅडमनी सांगून टाकलेलं. माझं माहेर लालबागचं. म्हणजे आमच्याच बायका वगळणार? जीव नुसता वरखाली होत होता.

जाहिरात मीच लिहिली, 'तुमची पाळी अनियमित आहे का? आमच्याशी बोला.' दर पाच मिनिटांनी स्क्रीन बघत होते, चहा तसाच गार झाला. फॉर्म धडाधड आले. सगळे पुरुष!

कुणी वॉचमन, कुणी वॉर्डबॉय. एकानं लिहिलेलं, 'दर आठवड्याला बदलतात साहेब, झोपेचं वाटोळं झालंय.' मी कपाळावर हात मारला. अगं बाई, गिरणगावात पाळी म्हणजे पहिली, दुसरी आणि रातपाळी! माझे बाबा जन्मभर गिरणीत राबले, आणि हे मला सुचू नये? त्या दुसऱ्या गोष्टीला आमची आई 'अडचण' म्हणायची.

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "आता मिलच चालू कर." तिच्यावर खेकसले आणि त्याच तिरमिरीत पुरुषांचे सगळे फॉर्म उडवले. अपात्र माणसाचा नंबर ठेवायचा नाही, असा नियमच आहे.

जाहिरातीत 'मासिक' घातलं, बाईचं चित्र टाकलं. थोड्या बायका आल्या. शुक्रवारी सकाळी पुन्हा एक पुरुष, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कामाला, राहायला लालबागला. झापायच्या तयारीनंच फोन लावला.

"काका, हे बायकांसाठी आहे हो. वाचता तरी का?"

"वाचलं की ताई." त्यांनी आवाज खाली आणला. "माझं नाय, मिसेसचं. सहा महिने अंगावरून जातंय, कोणाला सांगत नाय. फोन घरात एकच, तो माझ्याकडे. परवा पण भरलेला फॉर्म. तुमचा फोनच नाय आला."

ते घरी किती वाजता पोचतात, ते विचारून घेतलं.

संध्याकाळी तिच्याशी बोलले, आधी डॉक्टरकडे जा म्हणून दरडावलंसुद्धा. तरी बायका कमीच पडल्या आणि मॅडमनी लालबाग-परळ वगळलं. परवा उडवलेल्या त्या ढिगात रातपाळीवाले किती होते आणि बायकोसाठी लिहिणारे किती, आता कुणाला विचारू? मी त्यातलं 'पुरुष' एवढंच वाचलं होतं.